स्पंजा, माझ्या आईच्या लुगड्यांचा हिशेब दे

इस्त्रीच्या टेबलावर चिकटून बसलेल्या स्पंजा,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचा, हे वळण मला शाळेपासून आहे. तुला लिहिताना ते मोडते आहे. प्रेम तर नाहीच, आणि ज्याने माझ्या आईची लुगडी खराब केली त्याच्यापुढे हात जोडले जात नाहीत. हे पत्र उघडं लिहिते आहे, कारण तू काही माझ्या एकटीच्या घरात शिरलेला नाहीस. बाजारात इस्त्रीची घडीची टेबलं रांगेने उभी असतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या चकचकीत चंदेरी कापडाखाली तूच असतोस. तुकडे जोडून गोधडी करायला निघालेल्या बायांनी तुला घरी आणण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझा आरोप एकच आहे: तू मऊ आहेस.

याच मऊपणावर मी भुलले. पनवेलच्या एका दुकानात मी तुला अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा आत गेला, सोडल्यावर तू हळूहळू वर आलास. दुकानदार म्हणाला, “ताई, गादी बघा कशी आहे! तुकडे जोडायच्या कामाला हेच लागतं.” मी तीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. अंगठ्याला जे बरं वाटतं ते कापडाला बरं असेलच असं नाही, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मी पैसे मोजले, दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत तुला उभं केलं आणि आपट्याला उतरले. आमच्या या स्टेशनावर ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा प्रसंग चित्रित झाला, म्हणून लोक अजून फलाटावर फोटो काढायला येतात. त्यांच्यातून वाट काढत मी तुला खांद्यावर घेऊन घरी आणलं.

आता तुझ्यावर काय ठेवलं होतं ते ऐक.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेतून नऊ लुगडी निघाली. सगळी सुती, नऊवारी. दोन अंजिरी, चार हिरवी, एक जांभळं, दोन इतकी विटलेली की मूळ रंग काठांवरूनच ओळखावा. चाळीस-पन्नास वर्षं पातळगंगेच्या पाण्यात धुतलेलं सूत सायीसारखं होतं. बोटांत धरलं तर असल्यासारखं वाटत नाही. असं कापड आज दुकानात मिळत नाही. ते फक्त एका बाईने एकच लुगडं वर्षानुवर्षं नेसून तयार होतं. बसण्याच्या आणि गुडघ्यांच्या जागा विरलेल्या होत्या. तेवढं वगळून पदराजवळचं आणि निऱ्यांच्या आतलं चांगलं कापड मी काढून घेतलं. नातीसाठी गोधडी करायची होती, आणि तिच्यावर पान घ्यायचं होतं ते आपट्याचंच. गावाचं नाव तेच, दसऱ्याला हातावर ठेवायचं सोनं तेच, आणि आई दर दसऱ्याला पहिलं पान देवापुढे ठेवून दुसरं माझ्या हातात द्यायची.

आता कुणी म्हणेल, गोधडीला इस्त्री कशाला? आमच्या आयाबायांनी कधी केली? बरोबर आहे. आपली जुनी गोधडी किंवा वाकळ म्हणजे लुगड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे, आणि कडेपासून आत फिरत फिरत धावदोरा घालत जायचं. तिथे थर धरून ठेवतो तो टाकाच. तुकडा इकडचा तिकडे दोन बोटं सरकला तरी बिघडत नाही; उलट त्या सरकण्यातच तिचं रूप आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आख्खं पुस्तक केलं. अशा गोधड्या गुण्या लावून मोजायच्या नसतातच. पण मी करायला घेतली होती ती वेगळी. तुकडे आधी मशीनवर एकमेकांना जोडायचे, त्यांची घरं करायची, घरांच्या रांगा करायच्या, आणि सगळा वरचा पदर तयार झाल्यावर मग थर घालून हाताने धावदोरा. यात प्रत्येक तुकडा शेजारच्याला टोकाला टोक मिळवून भेटला पाहिजे. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री लागते, आणि इस्त्री कशावर ठेवली यावर पुढचं सगळं ठरतं.

माझं एक घर कसं होतं ते सांगते, म्हणजे तू कुठे कुठे घाण केलीस ते कळेल. आपट्याच्या पानाचे दोन अर्धे असतात, मध्ये शीर. एकेक अर्धा साडेतीन इंच रुंद, साडेसहा इंच लांब कापायचा. त्याच्या कोपऱ्यांवर मोतिया रंगाचे छोटे चौकोन तिरके शिवून दुमडायचे, म्हणजे कोपरे गोलसर दिसतात. मग दोन्ही अर्धे मधोमध जोडायचे. ती टीप म्हणजे पानाची शीर. चारही बाजूंनी दीड इंचाची मोतिया पट्टी. प्रत्येक टिपेला पाव इंच माया, म्हणजे दोन सूत. सगळं बरोबर झालं तर घर साडेआठ इंचांचं उतरतं, आणि गोधडीत बसल्यावर आठ इंचांचं. आडवी सात, उभी आठ, अशी ५६ पानं.

जुलैमध्ये मी पहिली १२ पानं तुझ्यावर दाबली.

पहिल्याच पानाला शंका आली होती. दोन अर्धे जोडले, उघडून तुझ्यावर पसरले, इस्त्री ठेवली. शिवण तुझ्यात बुडाली. म्हणजे असं बघ: टिपेच्या जागी कापडाचे तीन पदर असतात आणि आजूबाजूला एकच. खाली घट्ट काही असेल तर इस्त्रीचा सगळा भार त्या जाड रेघेवर येतो, घडी पूर्ण उघडते आणि टीप अगदी कडेला दिसते. तुझ्यावर ती जाड रेघ सरळ खाली गेली आणि भार आजूबाजूच्या पातळ कापडाने घेतला. टिपेपाशी कापड पूर्ण उलगडलंच नाही. एक बारीक दुमड तिथेच राहिली आणि इस्त्रीने ती पक्की करून टाकली. वरून पाहिलं तर पान गुळगुळीत. नखाने शिवण चाचपली तेव्हा लागली ती दुमड. जेमतेम मिलिमीटरभर.

मिलिमीटरभराने काय होतं, असं तुझ्या बाजूने कुणी विचारेल. एका घराच्या रुंदीत तीन टिपा येतात: पट्टी, शीर, पट्टी. तीन मिलिमीटर गेले म्हणजे एक सूत गेलं. गुण्या लावून बघितलं तर घर साडेआठऐवजी एक सूत कमी. रांगेत सात घरं, म्हणून सात सूत. म्हणजे पाऊण इंचाच्याही वर. आणि हे सगळीकडे सारखं झालं असतं तरी मी निभावून नेलं असतं. तू तसंही केलं नाहीस. मधे इस्त्री खोल गेली, कडेला कमी. काही घरं एक सूत कमी, काही बरोबर, दोन तर एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त. शेजारी शेजारी ठेवल्यावर पानांच्या शिरा एका रेषेत येईनात.

दुसरी करामत उरेबाची. पानाचे कोपरे तिरके शिवलेले, म्हणजे ती कड उरेब. उरेब कापड किती ताणतं हे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. गळ्याची पट्टी म्हणूनच उरेब काढतात. घट्ट पृष्ठभागावर इस्त्री सरळ ठेवली, सरळ उचलली, तर उरेब जागेवर राहते. तुझ्यात मात्र इस्त्रीचं टोक आधी रुतायचं. रुतलेल्या टोकापुढे कापडाची लाट यायची, नदीत होडीपुढे येते तशी, आणि ती लाट उरेब कडेला ढकलत न्यायची. मी इस्त्री फिरवत नव्हते, नुसती ठेवत होते, तरी हे झालं. एका पानाचा डावा अर्धा उजव्यापेक्षा फुगीर झाला. आईच्या अंजिरी लुगड्याचं पान होतं ते. झाडावर अशी वाकडी पानं असतातच, असं शेजारीण समजुतीने म्हणाली. तिचा हेतू चांगला होता. पण झाडाने वाकडं केलेलं आणि तू वाकडं केलेलं यात फरक आहे.

तिसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. बाराव्या पानाला मी ते उलटून पाहिलं आणि मोतिया कापडावर शंकरपाळ्यांचे ठसे दिसले. एकाला एक लागून, अगदी आखीव. क्षणभर कळेना हे कुठून आलं. मग तुझं चंदेरी कापड उचकटलं. तू मधोमध बसून गेला होतास. जिथे मी रोज इस्त्री ठेवत होते तिथे तुझी जाडी कडेच्या निम्मीही नव्हती, पिवळा पडला होतास, चिमटीत धरल्यावर चुरा झालास. खाली टेबलाची लोखंडी जाळी, तिची भोकं शंकरपाळ्यांच्या आकाराची, आणि तिचा ठसा तुझ्यातून सरळ कापडावर. कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. म्हणजे सुरुवातीला जास्त मऊ आणि नंतर नसल्यासारखा; कामाला लागेल असा एक दिवस तुझ्या आयुष्यात आला का?

पावसाचा विषय वेगळा काढते, कारण आमच्याकडे तो वेगळाच आहे. जुलैत आपट्याला कपडा दोरीवर तीन दिवस राहिला तरी दमटच. कापूस हवेतला ओलावा धरतो. प्रयोगशाळेत २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता असताना मोजतात, तेव्हा १०० ग्रॅम कोरडं सूत साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून बसतं. लोकर तर १६ ग्रॅमच्या आसपास. आमच्या श्रावणातली हवा त्याहून कितीतरी ओली. म्हणजे इस्त्री ठेवली की कापडातून वाफ निघणार, आणि तिला जायला वाट हवी. वरून इस्त्रीचा तवा, खालून तुझं चंदेरी आवरण. त्या आवरणाचं कौतुक असं करतात की ते उष्णता परत वर फेकतं, कापड दोन्ही बाजूंनी तापतं. तापतं खरं. पण वाफ त्यातून खाली उतरत नाही. ती कापडातच घुटमळते. मी पान उचलायचे तेव्हा ते गरम आणि ओलसर असायचं, आणि ओलसर गरम सूत हातात उचललं की त्याच्या वजनानेच लांबतं. रात्री बरोबर मोजलेलं पान सकाळी वेगळं भरायचं.

तुझ्या कुळाशी माझं भांडण नाही, हेही लिहून ठेवते. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्या रसायनाची वाट शोधली, त्यातून पुढे तुझी पॉलियुरेथेनची सगळी भावकी निघाली. सोफ्यात, गाडीच्या सीटमध्ये, झोपायच्या गादीत ती चांगलं काम करते. माणसाच्या अंगाला खाली जागा करून देणं हे त्यांचं काम, आणि अंग काही इस्त्रीइतकं तापत नाही. इस्त्रीवर तीन ठिपके म्हणजे तव्याला २०० अंशांपर्यंतची मुभा, आणि सुती कापडाला तेवढी लागते. रोज, एकाच जागी, भारासकट तेवढी उष्णता झेलायला तुला कुणी आणलं? टेबल बनवणाऱ्याला तू स्वस्त पडलास आणि दुकानात अंगठ्याला बरा लागलास. एवढ्यावर तुझी नेमणूक झाली. शर्ट, सलवार, मुलांचे गणवेश तुझ्यावर निघतात, हे मान्य. शर्टाच्या शिवणीत मिलिमीटरची दुमड राहिली तर कुणाचं काही अडत नाही. भरतकाम केलेलं कापड उलटं घालून दाबायला तर खाली मऊच लागतं, नाहीतर टाके चपटे होतात. पण तुला ‘तुकडे जोडायच्या कामाला’ म्हणून विकलं, आणि ते साफ खोटं होतं.

आता तुझ्या जागी कोण आलं ते ऐक.

ठसे दिसले त्या संध्याकाळी मी मीठ आणायला बाहेर पडले आणि आमच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी थांबले. इतकी वर्षं त्याच्यासमोरून जाते, त्याच्या हाताखाली काय आहे हे कधी वाकून पाहिलं नव्हतं. जाड लाकडी फळी. तिच्यावर घडी घातलेलं जुनं कांबळं, वापरून वापरून दाट झालेलं. वर धुवट पांढरी चादर, चारही बाजूंनी खाली खोचलेली. बस. त्यावर पाच-सात किलोची कोळशाची इस्त्री तो ठेवतो आणि विजारीची घडी अशी बसते की धार यावी. मी विचारलं, “खाली स्पंज का नाही घालत?” तो हसला नाही, चिडला नाही. हातातली इस्त्री तिवईवर ठेवली, कांबळ्यावर मूठ आपटली आणि म्हणाला, “काकू, हाताला परत मारलं पाहिजे.” मी पण मूठ आपटून पाहिली. थोडंसं आत गेल्यासारखं वाटलं आणि लगेच उत्तर आलं. तुझ्यावर मूठ आपटली असती तर ती खालच्या जाळीवर लागली असती.

माझ्या घरी माळ्यावर वडिलांची घोंगडी होती. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, भाताच्या कापलेल्या शेतात खतासाठी कळप बसवतात. वडिलांनी तशाच एका धनगराकडून ती घेतली होती. दख्खनी मेंढीची लोकर, राठ, अंगाला टोचणारी. सणगर ती मागावर विणतात आणि वर चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते. लहानपणी मी ती पांघरायला नको म्हणायचे. आता तिला गरम पाण्यात दोनदा खळबळून धुतली. खळ गेली, आणि लोकर गरम पाण्यात आटते तशी ती आटून अजून दाट झाली. पावसात वाळायला सहा दिवस लागले, चुलीशेजारी टांगून. मेंढीचा वास घरभर. मुलगा कुरकुरला, नात मात्र येऊन हुंगून जायची.

लाकडाच्या वखारीतून १२ मिलिमीटरचं प्लायवूड कापून आणलं, चार फूट बाय दोन फूट, चौकोनी. कोपरे चौकोनीच हवेत. तुझ्या टेबलाला पुढे निमुळतं नाक असतं ते शर्टाच्या खांद्यासाठी. साडेआठ इंचांची घरं ओळीने मांडायला त्याचा उपयोग नाही, लांब पट्टी तर कडेवरून लोंबत राहते आणि लोंबती पट्टी ताणते. वर सनमायका लावलेलं लाकूड घेतलं नाही. वाफेने त्याला फुगे येतात. त्यावर घोंगडी दुहेरी. तिच्यावर मांजरपाट, दोनदा उकळून धुतलेलं, कारण कोऱ्या मांजरपाटातली खळ इस्त्रीने पिवळी होते आणि तो डाग वरच्या कापडाला लागतो. मांजरपाट ओलसर असतानाच चढवलं. आधी चारही बाजूंच्या मधोमध खालून एकेक चूक ठोकली, मग समोरासमोर ओढत कोपऱ्यांकडे गेले. घोंगडी ओढायची नाही, ती नुसती बसू द्यायची. ओढायचं ते फक्त वरचं कापड. वाळल्यावर ते ढोलकीच्या पुडीसारखं ताठ झालं.

मूठ आपटली. उत्तर आलं.

तेरावं पान हिरव्या लुगड्याचं. टीप मारली. उघडण्याआधी, दोन्ही तुकडे एकावर एक असतानाच, टिपेवर इस्त्री ठेवली आणि पाच आकडे मोजले. याने दोरा कापडात बसतो. मग वरचा तुकडा उलगडला, सुलट बाजूने, आधी बोटाने शिवण मोकळी केली, मग इस्त्री सरळ खाली, सरळ वर. सरकवली नाही. वाफ मांजरपाटातून खाली घोंगडीत गेली, हे डोळ्यांना दिसतं. वर वाफ येत नाही आणि कापडावर ओलसर काळसर कड राहत नाही. लोकर ती वाफ पोटात घेते आणि सावकाश सोडते. इस्त्री उचलल्यावर लगेच शिवणीवर सागवानाचा एक रंधलेला ठोकळा ठेवला, बिनपॉलिशचा, सुताराकडून मागून आणलेला. लाकूड वरून वाफ ओढतं, लोकर खालून, आणि कापड दोघांच्या मधे दबलेलं असताना गार होतं. गार झाल्यावरच उचललं. नखाने चाचपलं. दुमड नाही. गुण्या लावला: साडेआठ. चारही बाजूंनी साडेआठ. मी ते पान हातात घेऊन ओट्यापाशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. भाताला उकळी येऊन तो उतू गेला तेव्हा भानावर आले.

तुझ्यामुळे बाकीच्या जोडणाऱ्या बायांची पण फसगत होते, म्हणून त्यांच्याशी दोन शब्द. बायांनो, घोंगडी सगळ्यांच्या माळ्यावर नसते. जुनं लोकरीचं ब्लँकेट चालतं, पण ते लोकरीचंच आहे ना हे बघून घ्या. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर, त्याला इस्त्रीखाली जागा नाही. ते साधारण २६० अंशांना वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून चिकटायला लागतं, आणि घरगुती इस्त्रीचा काटा नेहमी खरं बोलतो असं नाही. ओलावा तर ते धरतच नाही, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. मग वाफ जाणार कुठे? गोधडीत भरायच्या पॉलिफिलच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्याच, उरलेल्या पट्ट्या टेबलाच्या कापडाखाली सारणाऱ्या बाया मला माहीत आहेत. नका करू. लोकरीचं काहीच नसेल तर जुन्या सुती चादरी घट्ट घड्या घालून ठेवा, त्या स्पंजापेक्षा शंभर पटींनी बऱ्या. बाजारात लोकरीच्या नमद्यासारख्या जाड चटया मिळतात, खास याच कामासाठी. महाग आहेत, पण खऱ्या लोकरीच्या असल्या तर पैसे वसूल. फार कठीण पृष्ठभागही नको. नुसत्या फळीवर दाबलं तर आतल्या मायेच्या कडा सुलट बाजूला उमटतात आणि गडद कापड चमकायला लागतं. मूठ आपटा, ती सांगेल. आणि लोकरीला कसर लागते. पाऊस संपला की इस्त्रीची फळी उन्हात, आणि मांजरपाटाखाली कडुनिंबाची वाळलेली पानं.

स्पंजा, तू केलेल्या १२ पानांचं काय झालं, ते सांगून संपवते. बाराही उसवायला बसले. नवं कापड असतं तर दोन दुपारींचं काम. पण हे आईचं कापड. पन्नास वर्षांच्या सुतातून मशीनची टीप ओढली की सुईची भोकं मिटत नाहीत, आणि दोन ठिकाणी कापड टिपेबरोबरच फाटत आलं. सात पानं वाचली; ओलं फडकं टाकून, घोंगडीवर दाबून, सरळ करून पुन्हा शिवली. पाच गेली. त्यातली तीन अंजिरी होती. अंजिरी लुगड्यांचं चांगलं कापड तेवढंच होतं. आता ट्रंकेत उरलंय ते विरलेलं. ज्या जागी गोधडीत मी अंजिरी पानं मांडली होती तिथे जांभळी येतील. नातीला यातला फरक कधीच कळणार नाही. मला मात्र गोधडी घडी करताना दर वेळी कळेल.

या तीन पानांची भरपाई तू करू शकत नाहीस, आणि तुला विकणारा करणार नाही. टेबलाची लोखंडी जाळी भंगारात दिली. तुझा कडेचा भाग, जिथे इस्त्री कधी पोचली नाही, अजून धड आहे. त्याचे चार चौकोन कापले आणि शिलाई मशीनच्या चार पायांखाली सारले. रात्री मशीन चालवली की आता खालच्या लोकांना आवाज जात नाही. तिथे तू नीट बसला आहेस, तिथेच राहा.

दसऱ्याला अजून वेळ आहे. ३१ पानं झाली, २५ व्हायची आहेत.

आपट्याची एक शिवणारी